लक्ष्मीमावशीच्या गॅलरीतली हवा

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून डायरी. व्हायोलेट मॅडम म्हणतात, आपल्याला केसबद्दल तेव्हा काय वाटत होतं ते वकिलाला नंतर सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून त्याच दिवशी लिहून ठेवावं. ही डायरी आईला तिच्या हॉस्पिटलात औषधवाल्यांनी दिलेली, गेल्या वर्षीची आहे. वार खोडून लिहावे लागतात आणि प्रत्येक पानाखाली बद्धकोष्ठाच्या गोळीची जाहिरात आहे. चालेल. गांभीर्य आपल्या मनात हवं.

मी अजून पूर्ण वकील नाही. परीक्षा पास झाले, सनद यायची आहे. पण घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बाबा ज्या टॉवरच्या गेटवर ड्युटी करतात तिथे सगळे मला 'वकीलसाहेब' म्हणूनच ओळखतात. मी गिरगावात व्हायोलेट मॅडमच्या कायदा सल्ला केंद्रात काम करते. मॅडम सत्तरीच्या आहेत, मूळच्या गिरगावकर, आणि मला सकाळी भेटल्या की पहिलं विचारतात, "काय गो बाय, खाल्लंस काय?" मग कायदा.

माझी पहिली केस आमच्याच चाळीची आहे. परळला आमच्या मागे मिलच्या जागेवर टॉवर होतोय आणि त्याच्यासाठी लागणारं काँक्रीट बनवायचा प्लांट थेट आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोर उभा केलाय. प्लांटची परवानगी एकतीस डिसेंबरला संपते. त्यांनी आणखी पाच वर्षं मागितली आहेत. आम्ही हरकत घेतली. बारा डिसेंबरला प्रदूषण खात्याच्या कार्यालयात सुनावणी आहे.

पाच वर्षं मिळाली तर बाबांनी ठरवलंय, खोली भाड्याने द्यायची आणि आईला कुडाळला मामाकडे कायमचं ठेवायचं. प्लांट आल्यापासून आई उशाला तीन उशा लावून बसल्यासारखी झोपते. तिच्या छातीचे डॉक्टर म्हणाले, "या धुळीत राहिलात तर पंप वाढतच जाणार." आईची नोकरी अजून चार वर्षं आहे आणि तिला जायचं नाही. "तिकडे मी काय करू? मामीच्या कोंबड्यो मोजू?" असं म्हणते.

म्हणजे मला जिंकावं लागेल. सोपं आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज धूळ मोजायचं मशीन बसवलं! डब्याएवढं, पांढरंशुभ्र, खाली जाळी. मॅडमच्या भाच्याने, कॅल्विनने, आणलं. तो इंजिनीअर आहे. आकडे दर पाच मिनिटांनी थेट वेबसाइटवर जातात आणि कुणालाही दिसतात, आम्हाला, अधिकाऱ्यांना आणि प्लांटवाल्यांनासुद्धा. मॅडमचाच आग्रह होता: "पुरावा लपवून ठेवायचा नाय. उन्हात ठेवायचा." धुळीचा आकडा दिवसभराच्या सरासरीत शंभरच्या वर गेला की कायद्याची मर्यादा मोडली.

मशीन बसवलं लक्ष्मीमावशीच्या गॅलरीत, कारण तिची खोली टोकाला, बरोबर प्लांटसमोर. मावशी एकटीच राहते. हात सतत सुईदोऱ्यात. तिच्या खोलीत उघडं असं काही नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या दांड्याला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. कॅल्विनने टेबलफॅन मागितला तर त्याचंही कव्हर उतरवावं लागलं.

"केवढ्याचं आहे गं हे?" मावशीने विचारलं.

"मावशी, किमतीचं सोड, पण आपली सगळी केस याच्यावर आहे. याला काही झालं तर मी संपले."

मावशी एकदम गंभीर झाली. "तू काळजी करू नकोस. नव्यासारखं ठेवीन. तो मिक्सर बघ. एकोणीस वर्षं झाली, आहे का एक ओरखडा?"

अशी माणसं असतात म्हणून चळवळी चालतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

२१४! १९८! दुपारी २४१! मी आनंदाने ओरडले. बाबा म्हणाले, "विष किती आहे कळलं म्हणून पेढे वाटतेस काय?"

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर तपासणी अहवाल वाचले. प्लांट: मर्यादेत. टॉवरचे जनरेटर: मर्यादेत. पलीकडच्या साइटवर दगड फोडतात, तेही मर्यादेत. वरून पूल जातो, त्याला तर मर्यादाच नाही, तो पूल आहे. प्रत्येकाचा कागद वेगळा, प्रत्येकजण शहाणा. पण धूळ चार ठिकाणची असली तरी आईच्या छातीत जायची वाट एकच. या सगळ्याची बेरीज कोण करतं? मी १९८१ चा हवा कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचला. बेरीज सापडली नाही. उद्या परत वाचते, माझ्या नजरेतून सुटली असेल.

संध्याकाळी मावशीकडे गेले तर ती मशीनवर वीत ठेवून मोजत होती. दीड वीत उंच, वीतभर रुंद. "असंच गं," म्हणाली. "वायर खालून येते की मागून?" लोकांमध्ये विज्ञानाची जिज्ञासा असतेच, ती जागी करावी लागते. मी तिला अर्धा तास धूलिकण समजावले. ती मान डोलवत सुईत दोरा ओवत होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काहीतरी विचित्र. काल दुपारपासून आकडा एकदम ४१, ३८, ४४. प्लांट तर चालूच आहे, मी इथून आवाज ऐकतेय. कॅल्विनला फोन केला. "वारा बदलला असेल," म्हणाला. असेल. समुद्राकडून येत असेल. वरळी कोळीवाड्यात मासळी सुकत घालतात त्या बायकांना विचारायला हवं, त्यांना वाऱ्याचं कळतं.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. चाळीत घरोघरी घट, धूप, उदबत्त्या. मला वाटलं संध्याकाळी सातला तरी आकडा चढेल. ३९. मावशीच्या हातचा उपासाचा वडा खाल्ला. मशीनवर बोट फिरवून बघितलं, धुळीचा कण नाही! समोर एवढा प्लांट आणि मशीन आरशासारखं. मावशी पुसत असणार.

आणखी एक. काल आणि आज, दोन्ही रात्री सव्वाआठच्या सुमारास पाच-दहा मिनिटं आकडा दोनशेवर उडाला. मी कामावरून येऊन आधी मशीन बघायला जाते, नेमका तेव्हाच. आई म्हणाली, "तुझ्या पायगुणान."

३० नोव्हेंबर, रविवार

शोध लागला!

आज सुट्टी म्हणून दुपारी अडीचलाच मावशीकडे गेले. ती मला बघून म्हणाली, "बरं झालं आत्ता आलीस, मशीन मोकळंच आहे." फोनवर आकडा बघते तर १९०! सकाळी ४० होता. मी तिथेच बसून राहिले. दोरीवर काहीतरी फुलाफुलांचं, मोठ्या टोपीसारखं वाळत होतं, त्याचं पाणी माझ्या मानेवर ठिबकत होतं, पण मी हलले नाही. घरी आले आणि पाचला बघितलं, पुन्हा ४२.

मग मागचे सगळे आकडे काढले. शुक्रवारीही तसंच. दोन ते चार. एक दिवसाआड दुपारी दोन ते चार! एवढी शिस्त वाऱ्याला नसते. ही माणसाची शिस्त आहे. प्लांटवाल्यांनी मशीन बघून दिवसभर सावधपणे काम चालवलंय आणि एक दिवसाआड दोन तास चोरून काहीतरी करतात. राखाडी पावडर उतरवत असतील.

मावशीला सांगितलं. ती गालावर बोटं ठेवून म्हणाली, "बघ बाई! किती आतल्या गाठीचे!"

२ डिसेंबर, मंगळवार

भाकीत केलं होतं: आज दोनला चढणार. दोन वाजून पाच मिनिटांनी १८७. केंद्रात मी टेबलावर हात आपटला. व्हायोलेट मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "घाई करू नको गो. आधी जाऊन डोळ्यांनी बघ."

पण पुरावा समोर असताना वाट कशाची बघायची? अर्ज लिहून कार्यालयात देऊन आले, प्रत प्लांटला. 'एक दिवसाआड दुपारी दोन ते चार गुप्तपणे चालणारे काम तात्काळ थांबवावे.' 'गुप्तपणे' या शब्दाखाली रेघ मारली.

४ डिसेंबर, गुरुवार

डोळ्यांनी बघितलं.

मी आणि कॅल्विन पावणेदोनला प्लांटच्या गेटवर. दोनला भोंगा झाला आणि सगळे कामगार हात धुवून जेवायला बसले. चोरून काही नाही. मिक्सर बंद, पट्टा बंद. बाहेर फक्त ट्रकची रांग, इंजिनं चालू ठेवून. माझ्या फोनवर २०३.

रामू म्हणून वॉचमन आहे, त्याने आम्हाला स्टुलं दिली. "मॅडम, वो गुप्तवाला लेटर आपनेच भेजा ना? साहेब लोक वाचून लई हसले. दोन ते तीन जेवण, मग थोडं कमर सीधा. गुप्त म्हणजे आम्ही घोरतो तेवढंच."

कॅल्विन चहा पिता पिता म्हणाला, "मशीन बिघडलंय काय बघू या का? वर जाऊन पाच मिनिटांत चेक करतो."

"मशीन बिघडत नाही, कॅल्विन. आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नाही बोलत गं. पण आकड्यांना कोण काय सांगतंय ते बघायला नको?"

मी त्याला जाऊ दिलं नाही. आता लिहिताना वाटतंय, मी का जाऊ दिलं नाही? मला वाटतं, मला भीती वाटली. मशीन बिघडलेलं निघालं असतं तर माझ्याकडे काय उरतं?

८ डिसेंबर, सोमवार

प्लांटच्या वकिलांचं उत्तर आलं. दोन पानी, फार सभ्य. 'तक्रारदारांनी स्वतः बसवलेल्या यंत्रानुसार गेल्या बारा दिवसांची सरासरी ५८ आहे. शहरातील कित्येक उद्यानांपेक्षा ही हवा स्वच्छ आहे. याबद्दल आम्ही तक्रारदारांचे आभारी आहोत.'

आभारी आहोत!

बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मोबाईलवर कोकणातल्या गाड्या बघत बसले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी जाणार नाय हां, आधीच सांगतंय." बाबा म्हणाले, "तुका कोण विचारता?" आणि फोन खिशात ठेवला. बुक केलं नाही बहुतेक. विचारायची हिंमत झाली नाही.

१० डिसेंबर, बुधवार

हे जसं झालं तसं लिहायचं आहे.

युक्तिवाद लिहायला आज लवकर घरी आले. पाच वाजता आई मोरीजवळ स्टुलावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर. श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती. दोनदा पंप घेऊन झाला होता. मी फोन काढला. ३६. आणि मी आईला म्हणाले, खरंच म्हणाले, "आई, आज हवा चांगली आहे गं. छत्तीस आहे. टेन्शन घेतलंयस तू, शांत हो."

आईने माझ्याकडे बघितलं. एकेक शब्द सुटा सुटा आला.

"तुझ्या... मशीनाक सांग... माझ्या छातीत येवन... मोज म्हणान."

मी मावशीला बोलवायला धावले, तिच्याकडे वाफेचं मशीन आहे. आणि गॅलरीत माझं मशीन नव्हतंच. त्या जागी फुलाफुलांचं, दुहेरी अस्तराचं, कडेला लाल पायपिंग लावलेलं एक कव्हर होतं. वायर बाहेर यायला मागे काज केलेलं. खाली नाडी, तिची फुलगाठ. समोर रेशमी दोऱ्याने भरलेलं माझं नाव: 'रुपाली'.

मावशी वाफेचं मशीन घेऊन बाहेर आली, माझं तोंड बघून थबकली. "अगं, काढतेच होते. तू यायच्या वेळेला रोज काढते की. कोणी बघायला आलं की काढायचं, नाहीतर घालून ठेवायचं. केवढी धूळ बसते गं त्याच्यावर!"

आधी आईला वाफ दिली. अर्ध्या तासाने शिट्टी कमी झाली. मग मी खाली जमिनीवर बसले आणि हसायला लागले आणि ते हसणं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी आईला विचारलं.

"म्हणजे काय. पंधरा दिवस झाले. मापान शिवलेला आसा," आई म्हणाली. सगळ्या मजल्याला माहीत होतं. दोघींनी तर मावशीकडे आपल्या इंडक्शन शेगडीला तसंच शिवून मागितलंय. कुणालाही वावगं वाटलं नाही. नवी वस्तू आली की झाकायची. नाही झाकली तर दोन दिवसांत राखाडी होते. हे आमच्याकडे इतकं रोजचं आहे की मीसुद्धा दोरीवरच्या त्या 'टोपी'खाली तासभर बसून राहिले आणि सगळा दोष प्लांटच्या जेवणाच्या सुट्टीला दिला.

मावशीला समजावून सांगितलं. समजल्यावर तिने कव्हर काढलं, घडी घातली आणि दार लोटून घेतलं.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी कॅल्विन म्हणाला, "सिंपल आहे. सेन्सर बिघडला होता म्हणून सांगू. असे बिघडतात. कोणाचं नाव नको, काही नको." फार मोह झाला. खोटं छोटं आहे, आणि त्याने मावशी वाचते. खरं बोललं तर सगळ्या कार्यालयात हसं होईल, तिचं आणि आमच्या चाळीचं. शिवाय 'पुराव्यात ढवळाढवळ' असाही शब्द आहे. तो मला परीक्षेत दहा मार्कांना आला होता.

व्हायोलेट मॅडमना विचारलं. त्या सफरचंद कापत होत्या. "बिघडलेला म्हटलं तर पहिले तीन दिवस पण बिघडलेले. मग तुझ्या हातात काय राहिलं? आणि खोटं बोलून जिंकलीस तर सनद घेऊन करशील काय? भिंतीला लावशील?" एक फोड माझ्या हातात दिली. "खा."

तर खरं सांगायचं. नाव नाही घ्यायचं. 'मजल्यावरील रहिवाशांकडून अनवधानाने' असं वाक्य तयार केलं आहे.

आज तिसरा गुरुवार. मावशी हळदीकुंकवाला कुणाकडेच गेली नाही. मी तिच्या दारावर टकटक केलं. आतून म्हणाली, "डोकं दुखतंय गं." आई बोलवायला गेली, तिलाही तेच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सगळं लिहिते.

सुनावणीची खोली छोटी. अधिकारी मॅडम पन्नाशीच्या, समोर फायलींचा ढीग, आवाज मऊ. प्लांटचे वकील उंच, त्यांच्या कोटाला परीटघडी. आमच्या बाजूने व्हायोलेट मॅडम, मी, आई, बाबा, कॅल्विन. आणि शेवटच्या खुर्चीवर, कुणाला न सांगता आलेली लक्ष्मीमावशी, लग्नाकार्याची जांभळी साडी नेसून.

व्हायोलेट मॅडमनी मलाच बोलायला लावलं. आधी मी बेरीज मांडली. प्लांट, जनरेटर, दगड, पूल. अधिकारी मॅडमनी शांतपणे ऐकलं. "मुद्दा कळला. पण कायदा मला एका वेळी एकाच अर्जावर निर्णय द्यायला सांगतो. बेरीज त्यात नाही. मी ती घालू शकत नाही." म्हणजे माझ्या नजरेतून सुटली नव्हती. ती नाहीच आहे.

मग मी म्हणाले की सव्वीस नोव्हेंबरपासूनचे आकडे ग्राह्य धरू नयेत, कारण मजल्यावरील रहिवाशांकडून अनवधानाने यंत्र कापडाने झाकले गेले होते.

वकील हसत उठले. "मॅडम, म्हणजे आकडे वाईट असतील तर यंत्र चांगलं आणि आकडे चांगले असतील तर यंत्र झाकलेलं? दोन तारखेला यांनी लिहून दिलं की आम्ही गुप्तपणे काम करतो. आज कळतंय, गुप्त काम कुणाचं होतं! कोणी झाकलं, हे तरी सांगावं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला. "मी."

मावशी उभी. पदर नीट.

"नाव?" अधिकारी मॅडमनी विचारलं.

"लक्ष्मी. यंत्र माझ्याच दारात आहे. ह्या पोरीला काही माहीत नव्हतं हो. ती यायची तेव्हा मी काढून ठेवायचे."

"का झाकलंत?"

"धूळ बसत होती म्हणून."

खोलीत कुणीतरी हसलं. वकील तर खूषच. त्यांना वाटलं, आता एकच प्रश्न पुरे. "बाई, सगळ्या मुंबईत धूळ बसते. अशी किती बसत होती?"

मावशीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू त्यांनी चहात साखर किती असते असं विचारलंय.

"अहो, एक दिवसाआड धुवायला लागायचं कव्हर. पहिलं पाणी घट्ट यायचं, पिठल्यासारखं. ते मोरीत ओतत नाही मी, तुंबते. मागच्या वर्षी दोनदा तुंबली, म्हणून आम्ही सगळ्या बायका ते पाणी बादलीत बसू देतो आणि खालचा गाळ वेगळा टाकतो. वाळला की कडक होतो. सिमेंटच की ते. उंदरांची बिळं बुजवली मी त्याने."

आता कुणी हसत नव्हतं.

"आणखी काय काय झाकता?" अधिकारी मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

"झाकत नाही असं विचारा ना. टीव्ही, मिक्सर, फ्रिज, पाण्याचा हंडा. देवांनाही झाकते, दिवा लावायच्या वेळी उघडते. शेजारी चार महिन्यांचं बाळ आहे, त्याच्या पाळण्याला दुहेरी कापड शिवून दिलंय. आता हिची आई," तिने आईकडे हात केला, "हिला कुठून झाकू? तिचं माप नाही येत मला."

आई मान खाली घालून बसली होती. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

वकील म्हणाले, "मॅडम, हा तांत्रिक पुरावा नाही."

"नाही," अधिकारी मॅडम म्हणाल्या. "पण किती धूळ बसते हा प्रश्न तुमचाच होता. उत्तर नोंदवलंय." मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं यंत्रही काही प्रमाणित नाही, मिस घाडी, झाकलेलं असो वा उघडं. सोमवारपासून आमचं यंत्र तिथे बसेल, पंधरा दिवस. न सांगता पाहणीही होईल. आजूबाजूला काय काय आहे तेही पाहणीत लिहायला सांगते. बेरीज नाही, नुसती नोंद."

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "चुकलं का गं काही? बिळांचं नको होतं का सांगायला?"

मी तिला मिठी मारली. जांभळ्या साडीला डांबरगोळ्यांचा वास होता.

१५ डिसेंबर, सोमवार

त्यांचं यंत्र आलं. कपाटाएवढं. त्यावर 'हात लावू नये' अशी पाटी. मावशी समोर पाट टाकून बसली आहे, हात पदराखाली. "बघवत नाही गं," म्हणते. "अंगाला खाज येते."

३० डिसेंबर, मंगळवार

आदेश आला. पंधरा दिवसांची सरासरी २०७. प्लांट पूर्ण बंदिस्त करून पुन्हा तपासणी होईपर्यंत नूतनीकरण नाही. म्हणजे उद्यानंतर प्लांट बंद, निदान काही महिने. मग ते पत्रे लावतील, पुन्हा अर्ज करतील आणि आम्ही पुन्हा जाऊ. जनरेटर आहेतच. पूल आहेच. पाहणीच्या अहवालात शेवटी एक ओळ आहे: 'परिसरात इतरही स्रोत आढळले.' मी ती ओळ चार वेळा वाचली. कायद्यात जागा नाही, पण कागदावर आली.

बाबांनी कुडाळचं आठ जानेवारीचं तिकीट काढलं होतं हे आज कळलं. रद्द केलं का, असं विचारलं तर म्हणाले, "थांब जरा. बघू दे."

१ जानेवारी, गुरुवार

पावणेसहाला जाग आली ती शांततेने. प्लांटचा पट्टा रोज साडेपाचला सुरू होतो. आज कावळे ऐकू आले.

आईची पहिली पाळी असते. ती रोज पाचला उठते, खरं म्हणजे पाचच्या आधीच उठून बसलेली असते. आज उठली नव्हती. तिसरी उशी पायाशी पडली होती आणि ती कुशीवर, तोंड उघडं टाकून झोपली होती. मी हात पुढे केला उठवायला आणि मागे घेतला. फोन चार्जिंगला होता, तो बघितला नाही. पाट ओढून तिच्याशेजारी बसले. सहा वाजले. साडेसहा. बाबा उठले, त्यांनी बघितलं, मी ओठांवर बोट ठेवलं, तेही चहा न करता तिथेच भिंतीला टेकून बसले. आम्ही दोघं सात वाजून दहा मिनिटांपर्यंत तसेच बसलो होतो.

मग आईने डोळे उघडले, घड्याळ बघितलं आणि उठून बसायच्या आतच सुरुवात केली:

"सात वाजान गेले आणि माका कोणी उठवूक नाय, माझी पयली पाळी, वॉर्डात ती नवी सिस्टर एकटीच, आणि तुम्ही दोघां हंय बसान माझा तोंड बघतास, वकील झालंस म्हणान आवशीक उठवूचा नाय असो कायदो आसा काय, आणि चाय नाय, दूध नाय, पाणी भरलास काय ता पण नाय, तुझ्या बापाशीक तर काय सांगूचाच नाय, सुट्टी असली की भिंतीक टेकान बसतलो!"

मी वाट बघत होते, श्वास घ्यायला मध्ये कुठे थांबेल म्हणून. नाही थांबली.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि तिकीट रद्द केलं.